चौऱ्याहत्तर किलोचा वैमानिक

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीचा फराळ संपत आला. चकल्यांचा एक डबा पद्मावतीने कुठेतरी दडवला आहे, तो सापडेल. आजपासून ही नवी वही. हवाई दलात सदतीस वर्षं विमानांचे पंख-शेपट्या जोडण्यात गेली. रोजच्या कामाची नोंद लिहायची सवय तिथली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. आधीच्या सहा वह्या टिटवी बांधण्यात भरल्या. ही सातवी आणि बहुधा शेवटची.

टिटवी म्हणजे आमचं विमान. साताऱ्याच्या एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये चार वर्षं खपून मी ते बांधलं. पुढे छोटं इंजिन, आत शेजारी शेजारी दोन खुर्च्या. उडवायचा परवानाही काढून ठेवला आहे. आता दोनच कामं उरली, पण तीच जिवाची. पंखांच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या असतात, त्या एलेरॉन. शेपटीवर असते ती एलिव्हेटर. त्यांचा तोल चुकला तर वेगात त्या फडफडायला लागतात आणि पंख किंवा शेपूट घेऊनच जातात. हे पहिलं काम. दुसरं, अख्ख्या विमानाचा तोल. वजन मागे गेलं तर नाक वर जातं आणि मग खाली येत नाही. नोकरीत एकदा अशा विमानाचे तुकडे गोळा करायला मी गेलो होतो. त्याबद्दल इथे लिहीत नाही. भीती वाटते एवढं मात्र लिहून ठेवतो.

चोवीस जानेवारीला पाहणीसाठी इंजिनियर येणार. पद्मावतीला मी सुरुवातीलाच शब्द दिला होता, न तोललेली एकही वस्तू टिटवीत जाणार नाही. आज तिने आठवण करून दिली. सगळं तोलणार ना, म्हणाली. मी म्हटलं, खिळासुद्धा. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग दूध उतू जातंय म्हणून आत गेली.

दुसऱ्या खुर्चीत कोण बसणार हे ठरलेलं नाही. आपण बसणार नाही, असं पद्मावतीने कधीच सांगून टाकलं आहे. पण त्या खुर्चीची गादी तीच शिवते आहे, जुन्या निळ्या इरकलीची, माझ्या मते जरा जास्तच उंच. शिवणाची हौस तिला पहिल्यापासून.

१० नोव्हेंबर, रविवार

विट्याहून आप्पासाहेब आले. एका हातात काट्याची पेटी, दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेली, धातू वितळवायची मूस. यांनी कोइमतूरच्या सराफ बाजारात तीस वर्षं सोनं गाळलं. मी तिकडे बदलीवर होतो तेव्हा ओळख झाली. दोघांनाही ज्वारीची भाकरी मिळत नव्हती, मैत्रीला तेवढं कारण पुरलं. आता दुकान मुलाकडे देऊन ते विट्यात असतात आणि त्यांना करमत नाही.

एलिव्हेटर काढून दोन पोलादी पात्यांवर बिजागरीच्या रेषेत ठेवला. मागची कड भसकन खाली गेली. तशी ती जाता कामा नये. पुढच्या बाजूला शिसं वाढवत न्यायचं, कड आडवी होऊन नाक जरासं खाली झुकेपर्यंत. मी शिशाचा तुकडा पुढे केला आणि म्हटलं, हा चारशे ग्रॅम, दुकानदाराने तोलून दिला आहे. आप्पासाहेबांनी तो मुकाट्याने आपल्या काट्यावर ठेवला. तीनशे शहाऐंशी भरला.

"दुकानदारानं तोलला हुता, आपण न्हाई," म्हणाले आणि आपल्या पॅडवर तीनशे शहाऐंशी लिहिलं. ऐकलेलं वजन ते लिहीतच नाहीत. स्वतःच्या हाताने काट्यावर ठेवलं तेवढंच लिहायचं, अशी त्यांची दुकानातली रीत. मला ही रीत फार आवडली. आमच्याकडे हवाई दलातही असंच, असं मी त्यांना दोनदा सांगितलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज शिसं गाळलं. शेडच्या मागे उघड्यावर शेगडी मांडली. आप्पासाहेब बाह्या वर करून मुशीपाशी बसले तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसत होते. शिसं वितळल्यावर त्यांनी वरची मळी अशी हलक्या हाताने काढली की खाली सोनंच असावं. एलिव्हेटरला एक लगड, दोन्ही एलेरॉनला दोन. मग सुरीने साल काढावी तसं काढत काढत ग्रॅमावर आणलं. शेवटी एलेरॉन पात्यांवर ठेवला, हात काढला, आणि तो तसाच राहिला. आम्ही दोघं बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे होतो. फार समाधान वाटलं.

पद्मावती धपाटी आणि दही घेऊन आली होती. मी चार खाल्ली. आप्पासाहेब म्हणतात सात. त्यांना सगळंच मोजायची खोड आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

उड्डाणासाठी शिवायला टाकलेली पँट शिंप्याने पुन्हा बिघडवली, कमरेत बसत नाही. माप त्याच्या वहीत आहे, तरी हे. खुर्चीचा पट्टाही आखूड निघाला. पुण्याहून मागवलेला माल. हल्ली मापाला कुणी धरून नसतं.

८ डिसेंबर, रविवार

आज नाक कापलं गेलं, आणि लिहिलं नाही तर ही वही कशाला?

रंगाचं काम धुळाला दिलं होतं. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो, हात सुरेख आहे. पिवळा रंग, त्यावर लाल काठ, आणि दोन्ही एलेरॉनवर सावली दिलेल्या अक्षरांत 'टिटवी'. तो अक्षरांवर तिसरा हात देत होता तेव्हा आप्पासाहेब म्हणाले, वजन वाढंल. मी हसलो. म्हटलं, रंगाला कसलं वजन?

मी हे म्हटलं. सदतीस वर्षांच्या नोकरीनंतर.

रंग वाळल्यावर एलेरॉन पात्यांवर ठेवले. मागची कड खाली गेली. थोडीशीच, पण गेली. बिजागरीच्या मागे रंग चढला की त्याला पुढे त्याच्या दुप्पट-तिप्पट शिसं लागतं, कारण मागची बाजू लांब आणि पुढची आखूड. हे मी नव्या पोरांना शिकवत असे. आप्पासाहेबांनी सुनावलं नाही, नुसती शेगडी पेटवली. धुळा बिचारा अक्षरं खरवडून देतो म्हणत होता. मी नको म्हटलं. अक्षरं छान झाली आहेत.

नवा नियम शेडच्या दारावर खडूने लिहिला: एकदा तोललेलं कायमचं तोललेलं नसतं. आप्पासाहेबांनी तो वाचला, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

१५ डिसेंबर, रविवार

पद्मावतीच्या डोक्यात फिरायला जायचं खूळ शिरलं आहे. एकटी जायला बरं वाटत नाही म्हणून मलाही पहाटे साडेपाचला उठवते आणि अजिंक्यताऱ्यावर चढवते. मला थंडीत धाप लागते. ही मात्र पुढे जाऊन दगडावर बसते आणि वाट बघते. माझ्या भाकरीवर तूपही कमी झालं आहे. विचारलं तर म्हणते, म्हशीचं दूध पातळ यायला लागलंय.

५ जानेवारी २०२५, रविवार

आज टिटवीला तोललं. तिन्ही चाकांखाली एकेक काटा, शेपूट घोडीवर उचलून विमान सरळ धरलेलं. काटे आप्पासाहेबांनी विट्यातल्या बाजारातून आणले, धान्याची पोती ज्यावर घालतात ते. आकडे आले, बेरीज झाली: दोनशे साठ किलो. मी ठरवलं होतं त्यापेक्षा नऊच जास्त. दुसऱ्या एखाद्याने पन्नास वाढवले असते.

मग कागदावरचा हिशेब. रिकाम्या विमानात माणसं बसवायची आणि तोल कुठे येतो ते बघायचं. खुर्च्या तोलाच्या मागे आहेत, त्यामुळे माणूस जितका जड तितका तोल मागे सरकतो. मागे एक लाल रेघ आहे, ती ओलांडायची नाही. माझं वजन चौऱ्याहत्तर. हे पक्कं आहे, याला दोन पुरावे. निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय कागदावर चौऱ्याहत्तर. आणि गेल्या मे महिन्यात गावी, समडोळीला, माझी एकसष्टी झाली तेव्हा भावकीने गूळतुला केली. सात दहा-दहा किलोच्या ढेपा आणि चार किलोकिलोच्या, पारडं बरोबर उचललं. अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या. चौऱ्याहत्तर किलो गूळ घरोघर वाटला.

दुसऱ्या खुर्चीत कुणीतरी धरायला हवं म्हणून पद्मावतीला वजन विचारलं. "छप्पन," म्हणाली, तव्यावरून नजर न उचलता. तिचा आकडा तोंडपाठ आहे याचं कौतुक वाटलं.

दोघांचे मिळून एकशे तीस. तोल लाल रेघेच्या तीन मिलिमीटर पुढे राहतो. जागा थोडी आहे, पण आहे. आज फार आनंदात आहे. कंदी पेढे आणले.

१२ जानेवारी, रविवार

फार वाईट दिवस.

हिशेब बरोबर आहे का ते पडताळायला मी स्वतः टिटवीत बसलो आणि तिन्ही काटे पुन्हा वाचायला सांगितले. बेरीज तीनशे चौतीस यायला हवी होती. आली तीनशे चव्वेचाळीस. पुन्हा उतरलो, पुन्हा चढलो. तीनशे चव्वेचाळीस. म्हणजे काटे दहा किलो जास्त दाखवतात.

मी तसं म्हटलं. आप्पासाहेब शांतपणे सिमेंटची नवी गोणी घेऊन आले आणि प्रत्येक काट्यावर ठेवली. पन्नास, पन्नास, पन्नास. मी म्हटलं, तीन काटे एकत्र वापरले की घोळ होत असेल. माझं वजन ठाऊक आहे, काट्याचं खरंखोटं मला ठाऊक नाही. तेव्हा ठाऊक असलेल्या वस्तूवरून काटा तपासायचा, हेच शास्त्र.

"अण्णा," ते म्हणाले, "काटा न्हाई वाढला. तुमी वाढलाय."

मला राग आला. चारचौघांत, धुळासमोर. मी म्हटलं, बाजारातले काटे आहेत, पोती फुगवून विकायला केलेले, यांच्यावर माझा जीव टांगू का? तीस वर्षं काट्यावर जगलेल्या माणसाला मी हे बोललो. त्यांनी आपला छोटा काटा पेटीत ठेवला, मूस कापडात गुंडाळली आणि तीनच्या विट्याच्या गाडीने गेले. मी अडवलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

काट्यांची चूक काढून टाकली. ज्या प्रमाणात माझं वजन जास्त दाखवलं त्या प्रमाणात सगळे आकडे कमी केले आणि नवा तक्ता केला. दोघं बसले तरी तोल रेघेच्या पुढेच. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकल्यावर तक्ता पद्मावतीला दाखवला. तिने चष्मा लावून तो सगळा वाचला. एवढं लक्ष देऊन तिने माझा कागद कधी वाचला नव्हता.

"आन् काटा खरा असला तर?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तर दोघं बसल्यावर तोल रेघेच्या चार मिलिमीटर मागे. पण काटा खोटाच आहे.

तिने तक्ता घडी करून आपल्या हातातच ठेवला. आप्पासाहेब गेले याचं तिला फार लागलेलं दिसतं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सकाळी देवाला तिळगूळ ठेवून झाला. मी एक उचलणार तेवढ्यात पद्मावती म्हणाली, आधी ऐका. आणि पाटावर बसून तिने सांगितलं.

एकसष्टीच्या आदल्या दिवशी तिला आणि पुतण्या अरिहंतला पारड्याची काळजी पडली. मी गावभर सांगत सुटलो होतो, भरती झालो तेव्हाचा पट्टा अजून बसतो, चौऱ्याहत्तरच्या वर गेलो नाही. गूळही तेवढाच सांगितलेला. तिने मला बघितलं आणि तिला कळलं की पारडं उचलणार नाही. गावासमोर आणखी ढेपा मागवाव्या लागतील, लोक हसतील. म्हणून अरिहंतने गुळाच्या पारड्यात अंथरलेल्या लाल कापडाखाली दहा किलोचं लोखंडी माप ठेवलं. वर गूळ रचला. मी दुसऱ्या पारड्यात हात जोडून डोळे मिटून बसलो होतो.

"तुमचं तोंड पडू नये म्हणून केलं," ती म्हणाली. "पन इमानाला काय कापडाखाली लपवून चालंल? काल रातभर झोप न्हाई मला."

मी काय बोललो ते आठवत नाही. थोडा वेळ फार अपमान वाटला. आठ महिने सगळं घर, सगळी भावकी... मग एकदम डोळ्यांसमोर तो कालचा तक्ता आला. माझ्या अक्षरात, दोन रंगांच्या शाईत, नीट आखलेला, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटा. खऱ्या आकड्यांना मी खोट्याच्या मापाने कापलं होतं. तिने सांगितलं नसतं तर चोवीस तारखेला मी तो कागद अभिमानाने पुढे केला असता, आणि पुढे कधीतरी दुसऱ्या खुर्चीत कुणाला तरी घेऊन गेलो असतो. तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. अर्धाच.

१५ जानेवारी, बुधवार

दोघं एसटीने विट्याला गेलो. आप्पासाहेब ओसरीवर पेपर वाचत होते. मी जय जिनेंद्र केला, चपला काढल्या आणि सरळ आत त्यांच्या घरच्या, तसल्याच पोत्याच्या काट्यावर जाऊन उभा राहिलो. चौऱ्याऐंशी. मी म्हटलं, आप्पासाहेब, काटा बरोबर आहे, मी चुकलो, माफ करा.

त्यांनी आधी पॅड आणून चौऱ्याऐंशी लिहिलं. मग चहा सांगितला. चहा पिता पिता म्हणाले, गूळतुलेच्या दिवशीच कळलं होतं. पारडं गुळाच्या मानाने फार सावकाश डोललं, खाली लोखंड आहे हे तीस वर्षांच्या नजरेला दिसणारच. "पन शुभकार्यात कोन बोलतंय," म्हणाले. "घरातल्यांनी मायेनं केल्यालं. मला वाटलं, तुमाला ठावं असंल."

पद्मावतीलाही काट्यावर उभं राहायला सांगितलं. ती म्हणाली, मी बसणारच नाही तर मला कशाला तोलता? तेही खरंच.

२४ जानेवारी, शुक्रवार

पाहणी झाली. इंजिनियर बाई आल्या होत्या, आम्रपाली मॅडम, वय तिशीच्या आतबाहेर, मूळच्या तासगावकडच्या. एलेरॉन पात्यांवर ठेवून दाखवले. त्यांनी बोटाने हळूच ढोसून बघितलं आणि विचारलं, शिसं कोणी ओतलं? आप्पासाहेब शाळेतल्यासारखे उठून उभे राहिले. फार सफाईचं काम आहे, म्हणाल्या.

मग तक्ता, नवा, खरा. तो बघून त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मला काट्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी. कागदावरही चौऱ्याऐंशी. त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. कशाने वाचलो ते मलाच माहीत.

निकाल असा: मी एकटा असेन तर उडायला हरकत नाही. दोघं असतील तर दोघांचं मिळून वजन एकशे तीसच्या वर नको. खुर्च्यांच्या मागची बॅटरी पुढे इंजिनच्या भिंतीवर नेली तर ही अट सैल करता येईल, असंही त्यांनी सुचवलं. मी नम्रपणे नकार दिला. त्या बॅटरीचा खण मी तीन वेळा तोडून केला आहे, वायरिंगला पाच महिने गेले. वर सगळं विमान पुन्हा तोलायचं. छे.

घरी आल्यावर पद्मावतीने विचारलं, "छप्पन आन् चौऱ्याहत्तर किती?"

मी म्हटलं, एकशे तीस.

"मग उतरा. खरे चौऱ्याहत्तर झालात की मी बसते."

ती ताट वाढायला गेली. गादीची निळी इरकल, गादीची उंची, चष्मा लावून वाचलेला तक्ता... मी किती मठ्ठ माणूस आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

उडालो.

साखर कारखान्याच्या धावपट्टीवर, सकाळी सात दहाला, एकटाच. टिटवीने शेपूट उचललं आणि मी काही करायच्या आत जमीन सुटली होती. अकरा मिनिटं. विमान वळवायचा दांडा दोन बोटांत राहत होता. वेग वाढवला तरी एलेरॉन गप्प, जराही फडफड नाही. वर असताना मोठ्याने हसत होतो, ऐकायला कुणी नव्हतं.

उतरलो तेव्हा आप्पासाहेब टोपीने डोळे पुसत होते. धुळा सांगत होता, खालून अक्षरं स्पष्ट वाचता येतात. पद्मावती जागेवरून हलली नव्हती. ओठ हलत होते, णमोकार मंत्र चालू असावा. मी जवळ गेल्यावर तिने विचारलं, नाक वर गेलं का? मी म्हटलं, गेलं, आणि खाली आलं. मग ती रडली.

१६ मार्च, रविवार

एक्याऐंशी. बिनतुपाची भाकरी, दूध सायीशिवाय. किल्ल्यावर आता दोनदाच थांबतो.

१३ एप्रिल, रविवार

अठ्ठ्याहत्तर सहाशे. आंबे सुरू झाले आहेत. याबद्दल अधिक लिहीत नाही.

२५ मे, रविवार

आज आप्पासाहेबांना मुद्दाम बोलावलं. शेडमध्ये काटा मांडला. मी चपला, घड्याळ, चष्मा सगळं काढलं आणि उभा राहिलो. त्र्याहत्तर आठशे. आप्पासाहेबांनी लिहिलं, खाली रेघ मारली आणि माझ्या पाठीत धपका घातला. पुराव्यांशिवाय, गुळाशिवाय, खरा चौऱ्याहत्तरच्या आत.

मग मी पद्मावतीला म्हटलं, चल, आता तू. ती म्हणाली, माझं ठाऊक हाय की, छप्पन. आप्पासाहेब पेन हातात धरून थांबले. ऐकलेलं वजन ते लिहीत नाहीत, हे तिलाही माहीत आहे. ती चप्पल काढून काट्यावर चढली आणि समोर विमानाकडे बघत उभी राहिली. आकडा वाचायला मी वाकलो.

साठ चारशे.

मी मनात बेरीज केली. एकशे चौतीस. वर पाहिलं तर ती माझ्या तोंडाकडे बघत होती. चेहरा असा उजळलेला, की चार महिने ती या दिवसासाठी पहाटे साडेपाचला उठली होती हे मला तेव्हा लख्ख दिसलं. छप्पन हा आकडा तिने कधीचा धरून ठेवला होता कुणास ठाऊक, कदाचित आमच्या लेकीच्या, स्वप्नालीच्या जन्माच्या आधीचा. आणि मला वाटलं, सांगावं छप्पन. पायाचा अंगठा काट्याच्या कडेखाली नेऊन चार किलो उचलून धरावेत. अरिहंतचं ते लोखंडी माप, लाल कापड, सगळं मला एका क्षणात समजलं. एकसष्टीच्या दिवशी ती असंच माझ्या तोंडाकडे बघत उभी असणार.

"साठ चारशे," मी म्हटलं.

तिने एकदा आकड्याकडे वाकून पाहिलं. मग हसायला लागली. इतकी हसली की काटा एकसष्ट-एकोणसाठ करत नाचायला लागला. "लिवा आप्पासाहेब," म्हणाली, "आमी दोघंबी एका माळेचे." आप्पासाहेबांनी तिला आधी स्थिर उभं केलं आणि मगच लिहिलं.

घरी येताना ती म्हणाली, चार किलो काय, उतरते की दिवाळीपर्यंत. मी हं म्हटलं.

२८ मे, बुधवार

बॅटरीचा खण तोडला. स्वतःचे दहा किलो उतरवले, त्याचं काही वाटलं नाही, पण तिला चार किलो उतर म्हणायला माझी जीभ रेटेना. वायरिंग पुन्हा काढतो आहे. पावसाळ्याचं काम झालं. पद्मावती शेडमध्ये आली, उघडलेल्या वायरींचा गुंता बघितला, काय चाललंय विचारलं. मी म्हटलं, बॅटरी पुढे नेतोय, मॅडमनी सांगितलं होतं. ती डबा ठेवून गेली. मी डबा उघडला तर भाकरीवर तूप होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

सगळं पुन्हा तोललं. आम्रपाली मॅडम येऊन कागद बघून गेल्या. आता दोघांचं मिळून एकशे चाळीस चालतं. बॅटरी हलवल्यापासून एकट्याने सहा वेळा उडून पाहिलं, टिटवी पहिल्यापेक्षा शहाणी झाली आहे.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

सकाळी धावपट्टीवर काटा मांडला. मी पंचाहत्तर शंभर, फराळ चालू आहे. पद्मावती एकोणसाठ आठशे. आप्पासाहेबांनी दोन्ही आकडे लिहिले, बेरीज केली, पॅड मला दाखवलं आणि मगच तिला गादीवर बसू दिलं. गादी तिच्या अंगाला बरोबर बसली. पट्टा मी लावला.

चाकं सुटली तेव्हा तिने माझा गुडघा इतका घट्ट धरला की मला इंजिनपेक्षा त्याचीच जास्त जाणीव होती. ऊस, ओढा, एमआयडीसीचे पत्रे खाली सरकत गेले. हळूहळू हात सैल झाला. मी साताऱ्याकडे वळवलं आणि तिच्या बाजूला अजिंक्यतारा आला, सपाट डोक्याचा, सकाळच्या उन्हात. ती काचेला नाक लावून बघत होती. मग इंजिनच्या आवाजात ऐकू यावं म्हणून ओरडली:

"आवं, रोज चढतो त्यो ह्योच व्हय? एवढुसा?"

मी मान हलवली.

"एवढ्याला तुमी धापा टाकत हुता?"

दांडा दोन बोटांत होता, टिटवी सरळ चालली होती. मी किल्ल्याला आणखी एक फेरी मारली, तिला नीट बघता यावं म्हणून.